लॉरेनचे वडील आणि आमचा विवेक

लॉरेन प्रुसाक आमच्या रॉड्रिगेझ हॉलमध्ये राहायला आली तेव्हा तिचं सगळं सामान एका गाडीत मावलं होतं, आणि अकरा वर्षांनीही ते एकाच गाडीत मावलं असतं. चारशे पोरांचं होस्टेल सांभाळणाऱ्या बाईला स्वतःचं कपाट भरायला वेळ कुठला? तिच्या कामाला विद्यापीठाने दिलेलं नाव होतं 'रेसिडेन्स लाइफ कोऑर्डिनेटर'. माझ्या तरुणपणी याला वॉर्डन म्हणत, आणि ते काम आमच्या धर्मसंघातला एखादा दमेकरी ब्रदर खोकत खोकत करत असे. त्याला कोणी भाषणं देत नसे. त्यानेही कोणाला दिली नाहीत.

मी फादर डेझमंड टियर्नी. जेझुइट संघाचा धर्मगुरू, वय शहात्तर, राहणार तळमजला, लॉरेनच्या समोरचं दार. मी इथे लॅटिन शिकवायचो. मग विद्यापीठाने लॅटिन बंद केलं आणि त्याच वर्गात 'नेतृत्व' शिकवायला घेतलं. मला टाकायचं कुठे हा प्रश्न पडला, तेव्हा 'निवासी जेझुइट' अशी पाटी लावून मला होस्टेलात ठेवण्यात आलं. म्हणजे शोभेला. प्रवेशाच्या माहितीपुस्तकात माझा हसरा फोटो आहे, हातात बास्केटबॉल धरलेला. तो चेंडू मी त्याआधी कधी धरला नव्हता आणि नंतरही नाही.

ज्या संताचं नाव या हॉलला दिलं आहे तो आमच्याच संघातला एक साधा ब्रदर होता. मायोर्का बेटावरच्या कॉलेजात त्याने जन्मभर दारवानाचं काम केलं. कोणीही येवो, दार उघडायचं. बस, एवढ्यावर माणूस संत झाला. आमच्या पोरांना वाटतं रॉड्रिगेझ हा कोणी बेसबॉल खेळाडू होता आणि इमारतीसाठी त्यानेच पैसे दिले. एकाने मला विचारलंही होतं, फादर, कुठल्या टीमकडून खेळायचा तो? मी म्हटलं, पाहुण्यांकडून.

लॉरेन टोलिडोच्या पोलिश वस्तीतली. रुंद हाडाची, आवाज तिसऱ्या मजल्यावर पोचणारा, कमरेला चाव्यांचा झुबका. मक्याच्या लाह्या जाळून आगीची घंटा वाजवणारी पोरं, एकाच खोलीत राहून पंख्याच्या वाऱ्यावरून तीन आठवडे अबोला धरणाऱ्या पोरी, दारू पिऊन कपडे धुण्याच्या यंत्रात ओकणारे, आणि 'माझ्या बाळाला अंडी आवडत नाहीत' असं सांगायला कनेक्टिकटहून फोन करणाऱ्या आया, हे सगळं तिच्या दाराशी येऊन थांबायचं. दार वाजलं की ती उठायची. बाकीचे लोक ही नोकरी दोन वर्षं करतात, पदवी पदरात पाडतात आणि दुसरीकडे डायरेक्टर होऊन जातात. लॉरेन राहिली, कारण तिला हे काम येत होतं. आमच्या खात्यात याहून मोठा मूर्खपणा नाही. ज्यांना काम येतं ते खालीच राहतात, आणि ज्यांना कामाविषयी बोलता येतं ते वर चढतात.

वर चढलेल्यांत सगळ्यात वर होती डॉ. व्हिटनी ॲशबर्न. निवास खात्याची डायरेक्टर. 'आपलेपणा' या विषयावर तिने डॉक्टरेट मिळवली होती. आल्या आल्या तिने आमच्या संघाचा संस्थापक संत इग्नेशियस याच्या अध्यात्मावरचं तीन दिवसांचं शिबिर केलं, आणि तेव्हापासून आम्हा म्हाताऱ्या जेझुइटांपेक्षा इग्नेशियस तिच्याच तोंडी जास्त. तिच्या टेबलामागच्या भिंतीवर सोनेरी लॅटिन अक्षरं होती. अर्थ, 'संपूर्ण माणसाची काळजी'. लॅटिन शिकवणं बंद केलं, पण भिंतीला ते छान दिसतं.

त्या वर्षीच्या ऑगस्टात लॉरेनच्या वडिलांचं प्रकरण उभं राहिलं. लेनर्ड प्रुसाक, टोलिडोच्या बस डेपोतला निवृत्त मेकॅनिक, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. दोनदा गॅस चालू ठेवून तो फिरायला निघून गेला होता. डॉक्टरांनी लॉरेनला आडपडदा न ठेवता सांगितलं की विसरणं वाढत जाणार. हे वर्ष ते तुला ओळखतील, पुढच्या वर्षाचं काही सांगता येत नाही. लॉरेनला ते एक वर्ष हवं होतं. तिची मागणी एवढीच. बाप घरात असावा, सकाळी उठल्यावर त्याने तिला नावाने हाक मारावी.

पण घर तिचं नव्हतं, विद्यापीठाचं होतं. नियम असा की कोऑर्डिनेटरच्या घरात नवरा किंवा बायको राहू शकते, मूल राहू शकतं, आणि एक मांजर. बाकी कोणीही आला तर तीन रात्री. आईबाप त्या नियमात कुठेच नव्हते. ज्यांनी नियम केला त्यांचे आईबाप फ्लोरिडात गोल्फ खेळत असणार.

लॉरेनने व्हिटनीकडे रीतसर विचारलं. मी त्या खोलीत होतो, कारण अशा बैठकीला एक जेझुइट बसवायची पद्धत आहे.

"लॉरेन, तू जे सांगितलंस ते मी फार खोलवर ऐकलंय," व्हिटनी छातीवर हात ठेवून म्हणाली. "आपण यावर विवेक करू."

"म्हणजे हो की नाही?"

"विवेकाला घाई नसते गं."

हा शब्द आमचा आहे, म्हणून मला जास्त झोंबतो. इग्नेशियसने शिकवलं ते असं की दोन चांगल्या वाटा समोर असतील तर माणसाने गप्प बसावं, प्रार्थना करावी, आणि मन कुठे निवांत होतं ते पाहावं. याला तो विवेक म्हणायचा. आमच्या कचेऱ्यांना त्याचा नवाच उपयोग सापडला आहे. नाही म्हणायला हिंमत लागते, हो म्हणायला अधिकार लागतो. विवेक करायला काहीच लागत नाही. घोंगडं भिजत ठेवायचं आणि त्याला तीर्थ म्हणायचं.

त्याच आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरच्या एका पोराला खोलीत डुक्कर पाळायची परवानगी मिळाली. भावनिक आधारासाठी. डुकराचं नाव वॉफल. त्याच्या बाबतीत कोणी विवेक केला नाही.

संध्याकाळी लॉरेन माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. "डुकराला मिळाली परवानगी, फादर."

"पोराचा बाप वकील आहे," मी म्हटलं.

"माझा बाप मेकॅनिक आहे. नियमात बसायला त्याला आता मांजर व्हावं लागेल." ती हसली नाही. कपातला चहा तिने तसाच गार होऊ दिला. "वृद्धाश्रम बघितले मी टोलिडोतले. एकात एक बाई माझा हात धरून मला आई म्हणाली. सोडेचना. पपाला तिथे ठेवायचं आणि रविवारी तीन तास गाडी हाकत भेटायला जायचं? आणि रविवारी इथे कोणी घंटा वाजवली तर तेही राहिलं."

माझ्या घराला एक पाहुण्यांची खोली आहे. एखादा फिरता जेझुइट आला तर त्याच्यासाठी. जेझुइटाचा पाहुणा कोण आणि किती दिवस, हे आमच्याकडे कोणी विचारत नाही. आदर वगैरे काही नाही त्यात. विद्यापीठाला देणग्या देणारे जुने श्रीमंत विद्यार्थी नाताळला अजून मला फोन करतात, आणि ते व्हिटनीला माहीत आहे.

"घेऊन ये त्याला," मी म्हटलं. "माझा पाहुणा. तू समोरच राहतेस, दार ओलांडलं की झालं."

"आणि चारचौघांत?"

"चारचौघांत ओळख दाखवू नकोस. नाहीतर तुझी नोकरी जाईल आणि खोलीही जाईल."

कल्पना माझी होती. ती मला आजही वाईट वाटत नाही. वाईट होता तो नियम.

लेनर्ड आला. सडपातळ म्हातारा, बोटांच्या पेरांत कायमचं काळं बसलेलं, सतत थंडी वाजायची म्हणून गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा स्वेटर. पहिल्या दिवशी तो मला फादर म्हणाला, दुसऱ्या दिवसापासून त्याने मला डेपोतला ड्रायव्हर ठरवलं. "डेस, क्लच असा दाबून ठेवतोस का रे? गाडी काय तुझ्या बापाची आहे?" मी म्हणायचो, नाही ठेवणार. बिशपनेही मला इतक्या मायेने कधी झापलं नव्हतं.

मुख्य दाराजवळ हीटर आहे, त्याला लागून एक खुर्ची. लेनर्ड तिथे बसू लागला. आता बघा, जेझुइटांचं विद्यापीठ, जेझुइटाचं घर, काळ्या कपड्यातला शांत म्हातारा. पोरांनी काढायचा तो अर्थ काढला. कोणी विचारलं नाही. एकाने 'फादर लेन' म्हटलं, आणि आठवडाभरात चारशेंचा तो फादर लेन झाला. मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पण इथे प्रश्न विचारायची सवय राहिलेली नाही, सगळ्यांना थेट अर्थच दिसतात.

मग ती पोरं त्याच्यापाशी बसून मन हलकं करू लागली. कोणाला इंजिनियरिंग नको होतं, कोणी मैत्रिणीचा मित्र पळवला होता, कोणाला देव आहे की नाही ते कळत नव्हतं आणि परीक्षा तर जवळ आली होती. लेनर्ड मान डोलवत ऐकायचा, कारण हीटर सोडून दुसरीकडे त्याला जायचं नसायचं. शेवटी म्हणायचा, "जेवून घे." दुसऱ्या दिवशी तेच पोर आलं की विचारायचा, "काय नाव तुझं?"

तत्त्वज्ञान शिकणारी मॅकेन्ना नावाची एक मुलगी मला म्हणाली, "फादर, ते रोज आपल्याला नव्याने भेटतात. कालचं काहीच मनात ठेवत नाहीत. किती मोठी साधना आहे ही."

"फार मोठी," मी म्हणालो.

"आणि कितीही सांगा, बाहेर एक शब्द जात नाही."

बाहेर कसा जाईल? आतच राहत नव्हता. एवढी फी भरून यांना विसराळू म्हातारा ओळखता येत नाही, पण साधना मात्र चटकन दिसते.

संध्याकाळी कामं आटोपली की लॉरेन दार ओलांडून यायची. बटाटा भरलेल्या पिएरोगी, म्हणजे पोलिश करंज्या, लोण्यात परतून आणायची, कांदा वेगळा, कारण लेनर्डला तो करपलेलाच लागायचा. "आली माझी रेनी," तो म्हणायचा. मग दोघं पोलिश आत्यांच्या भांडणाच्या जुन्या गोष्टी उकरत बसायची, आणि लॉरेन मोठ्याने हसायची. अकरा वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मी भांडी घासायचो आणि मनातल्या मनात व्हिटनीला ठेवणीतले शब्द वाहायचो.

दिवसा मात्र ती त्याच्यासमोरून चाव्या वाजवत जायची आणि कोरडं 'गुड मॉर्निंग' टाकायची. आजूबाजूला पोरं असायची. तो तिच्या पाठीकडे बघत राहायचा. नोव्हेंबरात एकदा त्याने मला विचारलं, "डेस, ती चाव्यावाली बाई कोण रे? चेहरा ओळखीचा वाटतो."

"अरे, रेनीच ती."

"छे. रेनी माझ्याशी असं बोलेल होय?"

लॉरेन मागेच उभी होती, कपडे धुण्याच्या खोलीच्या दारात. तिने ऐकलं. सरळ व्हिटनीच्या ऑफिसात गेली आणि पुन्हा विचारलं, माझ्या वडिलांचं काय ठरलं? उत्तर आलं, विवेक चालू आहे. नाताळच्या आधी तिने अजून एकदा विचारलं. अजून चालूच होता. इग्नेशियसने स्वतःचं आयुष्य कुठे न्यायचं ते याहून लवकर ठरवलं असेल.

जानेवारीत व्हिटनीच्या कानावर फादर लेनची कीर्ती गेली. खात्याची दर सोमवारची बैठक आत्मपरीक्षणाच्या प्रार्थनेने सुरू होते. दिवा मंद करायचा, डोळे मिटायचे, आणि गेल्या आठवड्यात देव कुठे भेटला ते आठवायचं. मग उरलेला वेळ फुटलेल्या नळांवर बोलायचं. व्हिटनीने मला निरोप धाडला की प्रार्थना फादर लेननी घ्यावी. मी कळवलं, ते प्रार्थना घेत नाहीत. ती म्हणाली, त्यांचं नुसतं असणंही पुरे. मी चिडलो होतो, म्हणून घेऊन गेलो.

लेनर्डने खोलीभर नजर फिरवली. सकाळची वेळ, हातात कागदी कप धरून बसलेली डझनभर माणसं. त्याला डेपो दिसला असणार. तो ताठ उभा राहिला.

"सगळ्यांनी ब्रेक तपासले का?"

एकीने ते वहीत उतरवून घेतलं.

"ब्रेक तपासल्याशिवाय कोणी बाहेर पडायचं नाही. मागे माणसं बसलेली असतात. त्यांना काय माहीत पुढे कोण बसलंय? त्यांनी विश्वासाने तिकीट काढलेलं असतं." एवढं बोलून तो खाली बसला आणि कोणाची तरी कॉफी प्यायला लागला.

खोलीत नाक ओढल्याचे आवाज आले. व्हिटनीने डोळे टिपले आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'ब्रेक तपासले का?' आठवड्याच्या आत प्रत्येक हॉलमध्ये त्याची पोस्टरं लागली. बुधवारी त्याच नावाचा योगवर्ग, शुक्रवारी त्याच नावाची बिस्किटं. लॉरेन त्या बैठकीत खिडकीपाशी बसली होती, बापापासून चार हातांवर. पूर्ण वेळ तिने मान वर केली नाही.

त्यानंतर व्हिटनी अधूनमधून दुपारची हीटरजवळ येऊ लागली. लेनर्डच्या शेजारी स्टूल ओढून बसायची, हळू आवाजात बोलायची आणि उठायची तेव्हा तिचं नाक लाल झालेलं असायचं. काय बोलायची ते मला ठाऊक नाही. लेनर्डलाही नव्हतं.

फेब्रुवारीच्या बैठकीत तिने जाहीर केलं की वर्षाचा 'सहप्रवासी' सन्मान फादर लेन यांना द्यायचा असं खात्याने एकमताने ठरवलं आहे. टाळ्या झाल्या. मग ती लॉरेनकडे वळली, आवाजात साखर घोळून.

"आणि लॉरेन, तुझ्या वडिलांविषयीचा विवेकही पूर्ण झालाय. सध्याचीच पद्धत चालू ठेवावी, असं त्यातून पुढे आलं. मला वाटतं, त्यांना एखाद्या चांगल्या ठिकाणी ठेवलंस तर तुलाच मोकळं वाटेल. आत्ता तुला वाईट वाटेल. पण मन उदास असताना माणसाने काही बदल करू नये, असं इग्नेशियस म्हणतात ना, फादर?"

इग्नेशियस ते म्हणतात. पण ते दुसऱ्याच्या तोंडावर दार लावणाऱ्याला उद्देशून म्हणत नाहीत. मी तोंड उघडणार तेवढ्यात लॉरेनने हातातला कप टेबलावर ठेवला.

"व्हिटनी, तुम्ही ज्यांना सन्मान देताय ना, ते माझे वडील. लेनर्ड प्रुसाक. ते फादर नाहीत, टोलिडोत बस दुरुस्त करायचे. ऑगस्टपासून मी त्यांच्याचबद्दल विचारतेय."

कोणीतरी खुर्ची सरकवली. व्हिटनीने छातीवर हात ठेवला. मग सवयीचंच वाक्य बाहेर आलं. "तू हे आमच्यापाशी मोकळं केलंस, त्याबद्दल मनापासून आभार."

"मी काही मोकळं केलं नाही," लॉरेन म्हणाली. "बापाचं नाव सांगितलं."

दुपारपर्यंत हॉलभर बातमी झाली. मला वाटलं होतं पोरं हसतील, म्हाताऱ्याच्या पाठीवर थाप मारतील. कसचं काय. त्यांचा म्हणे विश्वासघात झाला. आपण एका मेकॅनिकपाशी मन उघडं केलं, याचा त्यांना धक्का बसला. खात्याने त्यांच्यासाठी समुपदेशक बोलावले, कपाटातल्या उरलेल्या बिस्किटांसकट. एका शहाण्याने अशीही मागणी केली की जे ऐकलं ते कोणाला सांगणार नाही असं लेनर्डकडून लिहून घ्यावं. मॅकेन्ना त्याच्यासमोरून मान फिरवून जायची. तो प्रत्येकाला हात करायचा, आणि थांबायचं कोणी नाही. डुकराचा मालक तेवढा एकदा वॉफलला घेऊन त्याच्याजवळ बसला, तेही हीटर होता म्हणून असेल. याच पोरांसाठी लॉरेन अकरा वर्षं दार उघडत आली होती, आणि त्यांच्यातल्या एकालाही तिला विचारावंसं वाटलं नाही की तुझ्या वडिलांना काय झालंय. मी आयुष्यभर पोरांना शिकवलं. त्या आठवड्यात मला त्यांची शिसारी आली.

त्या गडबडीत लेनर्डला ताप भरला. लॉरेनने आता लपवायचं काही नाही म्हणून रजा टाकली आणि त्याच्या उशाशी बसली. ताप उतरला, पण म्हातारा त्यातून उठला तो आणखी दूर गेलेला. मला ड्रायव्हर म्हणणंही त्याने सोडलं. आता मी नुसता 'अहो' होतो.

व्हिटनी एका संध्याकाळी माझ्या दारात उभी राहिली. मला वाटलं, लेनर्डला कधी हलवता ते विचारायला आली. लॉरेनच्या नोकरीचंही बहुतेक ठरवूनच आली असेल, असा मी अंदाज बांधला.

"फादर, एकच विचारायचं होतं," ती म्हणाली. आवाजात साखर नव्हती, पहिल्यांदाच साध्या बाईसारखी बोलत होती. "त्यांना... आठवतं का?"

"काय आठवतं?"

"लोक त्यांच्याशी बोलतात ते."

मी तिला चांगला वेळ तसंच उभं ठेवलं. दया यायला हवी होती, कारण तीही कसलंतरी ओझं घेऊन त्या स्टुलावर बसलीच होती. नाही आली. समोरच्या दारामागे लॉरेन तिच्या आजारी बापासाठी सूप ढवळत होती, आणि या बाईला चिंता होती ती स्वतःच्या गुपिताची.

"या माणसाने एकेका इंजिनाचा आवाज वर्षानुवर्षं लक्षात ठेवलाय," मी म्हणालो. "माणसाची स्मरणशक्ती मोठी अजब चीज आहे, व्हिटनी."

यातला शब्द न शब्द खरा होता. अशी उत्तरं देतात म्हणून जेझुइटांना लोक चारशे वर्षं नावं ठेवत आले आहेत. एवढी जुनी बदनामी कधी कामाला आणायची मग?

दुसऱ्या दिवशी सकाळी परवानगी आली. पुन्हा केलेल्या प्रार्थनेत खात्याला म्हणे नवा प्रकाश दिसला होता. लेनर्ड प्रुसाक यांनी हवं तितके दिवस मुलीकडे राहावं, आणि झालं गेलं विसरून जावं. ऑगस्टपासून झोपलेला पवित्र आत्मा एका रात्रीत खडबडून जागा झाला.

मी ते लॉरेनला सांगितलं तेव्हा ती भिंतीला टेकून उभी राहिली. "आता?" एवढंच म्हणाली. मग कामाला लागली. स्वतःचा पलंग तिने आतल्या खोलीत त्याच्यासाठी लावला, आपण सोफ्यावर झोपायचं ठरवलं. आईचा फोटो भिंतीवर लावला, त्याची जुनी गोधडी उन्हात धरली. दुपारी मला हाक मारली, "आणा त्यांना."

मी लेनर्डचा हात धरून त्याला दार ओलांडून नेलं. चार पावलांचा रस्ता. ऑगस्टात तो स्वतःच्या पायांनी, तिला नावाने हाक मारत गेला असता. उंबरठ्यावर त्याने बूट नीट पुसले.

"कोणाचं घर हे?"

"तुझंच, पपा," लॉरेन म्हणाली. "आत ये."

त्याने तिच्याकडे पाहिलं, कमरेच्या चाव्यांकडे पाहिलं, आणि साहेबापुढे कामगार उभा राहतो तसा अदबीने उभा राहिला. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"तुम्ही इथल्या मुख्य बाई ना? रोज बघतो तुम्हाला. घाईत असता."

लॉरेनने चाव्यांवर हात ठेवला.

"बाई, एक काम होतं. माझी मुलगी इथेच कुठेतरी राहते. रेनी तिचं नाव. संध्याकाळची येते माझ्याकडे, जेवण घेऊन. मी इथे आलोय म्हणून तिला कळवाल का? नाहीतर तिकडच्या खोलीत शोधत बसेल पोर."

मी बोलायला पुढे झालो. लॉरेनने मान हलवून मला थांबवलं.

"कळवते," ती म्हणाली. "ती येईपर्यंत मी बसू तुमच्याजवळ?"

"बसा की." सोफ्यावर सरकून त्याने तिला जागा करून दिली. मग तो जरा संकोचला. "पण तुम्हाला कामं असतील."

"नाही," लॉरेन म्हणाली. "आता काही काम नाही."